सैदपूर कुठल्या पानावर?

थंडी पडायला लागली की मला युद्धाची पुस्तकं आठवतात. इतरांना या दिवसांत शेतावरचं जेवण आठवतं, शेकोट्या आठवतात, लहानपणीची लोकरीची टोपरी आठवतात. माझं हे असं का, ते कुणाला सांगायला गेलं तर विचित्र वाटेल. पण सकाळी उन्हाला पाठ देऊन बसलं, रस्त्यानं फैजपूरकडून आलेली केळीची गाडी गेली, तिच्यातली पानं थंडीनं कडेकडेनं काळी पडलेली दिसली, की नाकात वास येतो तो खळीचा. वाचनालयात नव्या पुस्तकांना पुठ्ठा चढवताना यायचा तो.

परवा सहज वाचनालयात गेले. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी पाय तिकडे वळतातच. आता तिथं एक हुशार, हसरी मुलगी ग्रंथपाल आहे. युद्धकथांचं कपाट तसंच भरगच्च आहे. मुखपृष्ठांवर तेच धूर, तेच रणगाडे, झेंडा हातात घेऊन धावणारा तोच जवान. मी तिला विचारलं, "यात एखाद्या स्वयंपाक्याचं पुस्तक आहे का गं?"

"स्वयंपाक्याचं? युद्धात?" ती हसायला लागली.

"मग एवढ्या लोकांना जेवायला कोण घालत होतं?"

तिनं मान वाकडी करून कपाटाकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं. एकाहत्तरच्या हिवाळ्यात मीही त्या कपाटाकडे असंच पाहत उभी राहिले होते. मला पाहायला लावलं होतं खैरुन्निसा आपांनी.

मी मूळची धुळ्याची. लग्न होऊन जळगावात आले आणि या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले. एकाहत्तर साली दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आग्रा रोडवरून लष्कराच्या गाड्यांची रांग चाललेली पाहिली होती. धुळ्याची माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होती, बायका जवानांच्या हातात चिवड्याच्या पुड्या देत होत्या. मग डिसेंबरात युद्ध सुरू झालं. आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले. संध्याकाळी लवकर वाचनालय बंद व्हायचं आणि भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या दिवे झाकून जायच्या. नुसता आवाज यायचा, गाडी दिसायचीच नाही. पुढे एक दिवस रेडिओनं सांगितलं की ढाक्यात शरणागती झाली. दाणा बाजारातल्या मारवाडी दुकानांवर येईल त्याच्या हातावर पेढे पडत होते. गाव नाचलं. मीही नाचले म्हणायला हरकत नाही.

आणि मग पुस्तकं आली. एवढ्या लवकर एवढी पुस्तकं कशी लिहून होतात, याचं मला आजही नवल वाटतं. पातळ, जाड, चित्रांची, नकाशांची. लोक दारात वाट बघत थांबायचे. कुणी एक पुस्तक परत केलं की माझ्या टेबलावर पोचायच्या आत दुसऱ्याच्या हातात. मीही घरी नेऊन वाचायची. सगळ्यांत एक नकाशा असायचाच, आणि त्यावर जाड काळे बाण. बाण नदी ओलांडायचे, गावांच्या अंगावरून जायचे. ते ज्या गावावरून गेले तिथं त्या दिवशी चुली पेटल्या होत्या का, गुरं कुणी सोडली, दळण टाकायला गेलेली पोर घरी आली का, हे बाणाला कसं कळणार? पण खरं सांगायचं तर तेव्हा मला हे प्रश्न पडत नव्हते. मी बाणाबरोबर पळत होते.

खैरुन्निसा आपा उर्दू प्राथमिक शाळेत शिकवायच्या. पंचेचाळिशीच्या, उंच, डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एरवी त्या मुलांसाठी गोष्टीची पुस्तकं न्यायच्या. त्या डिसेंबरपासून मात्र त्या फक्त युद्धाची पुस्तकं मागायला लागल्या. पुस्तक हातात आलं की त्या उभ्याउभ्याच नकाशाचं पान काढायच्या, चष्मा वर करून नाक टेकेल इतकं जवळ नेऊन बघायच्या, आणि मग घरी न्यायच्या. दोन दिवसांत पुस्तक परत.

"आवडलं का आपा?" मी विचारायची.

"छान आहे," त्या म्हणायच्या. "दुसरं आहे का, याच युद्धाचं?"

हे पाहणारी मी एकटी नव्हते. आमच्या वाचनालयाच्या मंडळाचे अध्यक्ष होते नाना. जुने वकील, धोतर-कोट, वाचनालयासाठी जीव टाकणारा माणूस. एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सुधाबाई, त्या उर्दू शाळेच्या बाई नकाशेच का बघतात?"

"बघत असतील नाना. सगळेच बघतात."

"सगळे बघतात ते वेगळं. दिवस कसे आहेत ते तुम्हाला दिसतंय. सत्तरच्या दंगलीनंतर गावानं दिवस कसे काढले, तेही तुम्हाला माहीत आहे. उद्या कुणी पोलिसात जाऊन काही सांगितलं, तर त्या बाईही अडकतील आणि आपणही. पुस्तक बाहेर गेलंय म्हणून सांगत जा. त्यांच्याही भल्याचंच आहे."

नाना वाईट माणूस नव्हते, म्हणूनच मला त्यांच्या बोलण्याची भीती वाटली. 'नकाशे बघणारी बाई' एवढे तीन शब्द बाजारातून एक चक्कर मारून आले असते, तर आपांची नोकरीच काय, त्यांचं गल्लीत राहणंही अवघड झालं असतं. मी नानांना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शनिवारी दुपारी सरळ आपांच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर. आपा एकट्याच राहायच्या. लग्न झालं नव्हतं, आईवडील गेले होते. खाटेवर एक गुळगुळीत, मऊ विणीची चटई अंथरलेली होती, आपल्याकडे नसते तशी. मी तिच्यावर हात फिरवला तर त्या म्हणाल्या, "शीतलपाटी म्हणतात हिला. बंगालची आहे. भावानं आणली होती."

मला विचारायला जागा मिळाली. मी म्हटलं, "आपा, तुम्ही नकाशात काय शोधता?"

त्या जराही दचकल्या नाहीत. जणू कुणीतरी विचारावं याचीच वाट बघत होत्या. "सैदपूर," त्या म्हणाल्या.

आपांचे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. थोरला भाऊ यूसुफही तिथंच लागला. फाळणी झाली तेव्हा रेल्वेच्या माणसांना विचारलं गेलं, कुठल्या देशात काम करणार? यूसुफभाईंचं वय तेव्हा काय, तेविशी-चोविशीचं. मित्र निघाले म्हणून तेही निघाले. कराचीला जागा नव्हती, पूर्व पाकिस्तानात सैदपूर नावाच्या गावी रेल्वेचा मोठा कारखाना होता, तिकडे गेले. तिथं बिहारातून आलेले उर्दू बोलणारे खूप होते. त्यांच्यातच लग्न केलं, मुलं झाली. एकदा येऊन गेले, तेव्हा ही चटई आणली. पासष्टच्या युद्धापासून पत्रं विरळ झाली, आणि या वर्षात एकही नाही.

"सगळी पुस्तकं वाचली मी," आपा म्हणाल्या. "बंगाल्यांवर किती जुलूम झाला ते वाचलं. ते खरंच आहे, सुधाबाई, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. आपली फौज कशी लढली ते वाचलं. पण तिथं उर्दू बोलणारी एवढी माणसं होती, त्यांचं काय झालं? दोन पुस्तकांत एकेक ओळ आहे. 'फितूर बिहारी.' बस. सैदपूर तर फक्त नकाशात. ठिपका आहे, पण आत पानात गाव नाही."

मग त्यांनी जे विचारलं, ते आजही माझ्या कानात आहे.

"ते लोक पाकिस्तानी फौजेला मिळाले, शेजाऱ्यांची घरं जाळली, असं लिहिलंय. जाळली असतील. माझा भाऊ भुसावळला कोंबडीसुद्धा कापायचा नाही. पण माणूस चोवीस वर्षांत काय होतो, ते मला काय ठाऊक? तो जिवंत आहे का, हे तर मला कळायला हवंच. पण त्यानं काय केलं, तेही कळायला हवं. कुठल्या पुस्तकात मिळेल?"

त्या दिवशी घरी परत येताना माझी अवस्था चमत्कारिक होती. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. ते कबूल करायला हवं. माझं अख्खं कपाट त्या युद्धानं भरलं होतं आणि एका बाईच्या साध्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं. म्हणजे पुस्तकं खोटी होती असं नाही. ती सगळी एकाच खिडकीत गर्दी करून उभी होती. मग घराच्या बाकीच्या खिडक्यांतून काय दिसत असेल?

मी पुस्तकं मागवायचा सपाटा लावला. पुण्या-मुंबईच्या विक्रेत्यांना लिहिलं की सेनापतींची नकोत, दुसरी काय असतील ती पाठवा. दुसरी म्हणजे काय, हे मलाच सांगता येत नव्हतं. काही बरंच विलक्षण हाती लागलं. बोटीवरच्या एका खलाशाची आठवण होती, त्याला बंदरातल्या उपाशी कुत्र्यांशिवाय काही आठवत नव्हतं. एका वार्ताहरानं फक्त सोडून गेलेल्या घरांविषयी लिहिलं होतं. कुठल्या घरात भात तसाच शिजत ठेवलेला, कुठल्या घराला नवं कुलूप. मी वाचत गेले आणि मला ते काळे बाण दिसेनासे झाले.

आणि जानेवारीत एक पातळ, स्वस्त कागदावरचं पुस्तक आलं. निर्वासितांच्या छावणीत काम केलेल्या एका डॉक्टरबाईंनी तिथल्या बायकांच्या हकिकती जशा ऐकल्या तशा लिहून काढल्या होत्या. त्यातली एक बाई सैदपूरची होती.

बंगाली बाई. नवरा कारखान्यातच कारकून. तिनं सांगितलं होतं की त्यांच्या गल्लीला उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांनीच आग लावली. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं वाटीभर साखर, विरजण यांची देवघेव होती, त्यांनीच. नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत नेलं. ती मुलीला घेऊन तळ्यातल्या पाणवेलीत मानेपर्यंत बुडून बसली होती.

पुस्तक माझ्या हातात होतं आणि आपा पुस्तक घ्यायला येणार तो शनिवार जवळ येत होता. आपांना गाव हवं होतं, पण ते असं आलं होतं. घरी मी नवऱ्याला विचारलं, तर ते म्हणाले, "नको देऊस. कशाला त्या बाईला आणखी जाळतेस?" मला ते पटलं नाही. आपांनी मागितलं होतं ते उत्तर मागितलं होतं, गोड उत्तर मागितलं नव्हतं. मी पुस्तक दिलं आणि कुठल्या पानावर ते सांगितलं.

या वेळी ते परत यायला उशीर लागला. आल्या तेव्हा आपांचे डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, "गल्ली खरी आहे. भाऊ ओळखत असणार या लोकांना." मग थोड्या वेळानं, "नाना कार्यक्रम करणार आहेत ना, युद्धावरच्या पुस्तकांच्या वाचनाचा? मला यातलं एक पान वाचायचंय."

नानांना विचारायचं काम माझ्यावर आलं. मी त्यांना सैदपूरचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ काठीची मूठ चोळत बसले. "बाई शोधत होत्या भावाला," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि मी..." मग म्हणाले, "वाचू द्या. मी पहिल्या रांगेत बसतो. काही झालं तर मी आहे."

संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी सभागृह भरलं. पारोळ्याकडच्या एका खेड्यातली वेणूअक्का पाहुणी होती. तिचा मुलगा धनराज फौजेत होता आणि अजून पूर्वेकडेच होता, म्हणून तिचा नारळ-पातळ देऊन सत्कार केला. विजयाची वर्णनं वाचून झाली, टाळ्या झाल्या. मग आपा उठल्या. त्यांनी त्या बंगाली बाईची हकिकत वाचली. आग, नवरा, तळं, पाणवेल, सगळं. आवाज हलला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, पण त्या खाली बसल्या नाहीत.

"माझा सख्खा भाऊ याच गावात राहतो," त्या म्हणाल्या. "ज्यांनी या बाईचं घर जाळलं, त्यांच्यात तो होता की नव्हता, मला माहीत नाही. पुढं त्याचं काय झालं, तेही माहीत नाही. तुम्ही सगळे वाचणारे आहात. कुणाला कुठं त्या गावाविषयी काही सापडलं, चांगलं-वाईट कसंही, तर मला सांगा."

मागून कुणीतरी "हे काय चाललंय?" म्हणालं. नाना वळून त्या बाजूला बघायला लागले. आणि तेवढ्यात मांडीवर नारळ घेऊन बसलेल्या वेणूअक्कानं सरळ बसल्या जागेवरून अहिराणीत विचारलं, "तुना भाऊनं नाव काय शे, बहीण?"

"यूसुफ," आपा म्हणाल्या. "यूसुफ फिटर."

"मना पोऱ्या बी तथाच शे. तो ऊना की मी त्याले इचारसू." आणि सभागृहाकडे वळून, जरा रागानंच, "भाऊ शे तिना. इचाराव नही का तिनी?"

दुसऱ्या दिवशी नानांनी घरचा मोठा ॲटलास आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आपा आल्या की द्या. यात बारीक गावंही आहेत."

होळीच्या सुमारास धनराज रजेवर आला आणि अक्का शब्दाला जागून त्याला आपांच्या घरी घेऊन आली. मीही गेले होते. उन्हानं रापलेला, लाजाळू मुलगा. शीतलपाटीवर बसायलाही संकोचत होता. यूसुफ फिटर त्याला माहीत नव्हता. पण त्यानं जे सांगितलं ते माझ्या अख्ख्या कपाटात नव्हतं. शरणागतीनंतर त्याची तुकडी काही दिवस सैदपूरलाच होती. काम काय, तर रेल्वेच्या एका शाळेत कोंडून बसलेल्या उर्दू बोलणाऱ्या बायकापोरांना, माणसांना राखायचं. बाहेर ज्यांची घरं जळली होती, माणसं मारली गेली होती, ते लोक काठ्या-कोयते घेऊन उभे. मध्ये तारेचं कुंपण आणि हे जवान.

"बाहेरचे रडत होते, आतलेपण रडत होते," धनराज म्हणाला. "आमच्यातले काही म्हणायचे, यांना कशाला राखायचं, यांनी काय काय केलंय. मलाही राग यायचा."

"आतल्यांनी काय केलं होतं, ते कुणाला विचारलंस का तू?" आपांनी विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नही आपा. आम्हनं काम इचारानं नव्हतं. राखानं व्हतं."

मग त्यानं एक गोष्ट सांगितली. एका सकाळी तो आणि साक्रीचा त्याचा सोबती चहावरून एकमेकांना आपल्या बोलीत शिव्या देत होते. तर कुंपणाच्या आतून एक दाढीवाला म्हातारा तारेपाशी आला आणि म्हणाला, "कोठला शेस रे भाऊ?" परक्या मुलखात, कुंपणाच्या पलीकडून, अहिराणी! म्हातारा एवढंच विचारत राहिला, "तापीले आजून पूर येस का? मोठा येस का?" धनराजनं त्याला बिडी दिली. त्याच दिवशी तुकडीला पुढे जायचा हुकूम आला. नाव विचारायचं राहून गेलं.

आपांनी पदर तोंडाशी धरला होता. पुढची काही वर्षं आपा त्या म्हाताऱ्याला भाऊ समजूनच जगल्या. मीही तसंच समजले.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाकिस्तानात जायचे परवाने जरा सुटे झाले. कराचीहून पत्र आलं, यूसुफभाई जिवंत होते. तिकडून बायकामुलांसह कराचीला पोचले होते, आणि आपा त्यांना भेटून आल्या. परत आल्यावर माझ्याकडे आल्या तेव्हा नवा खजूर आणि खूप शांतता घेऊन आल्या.

"तारेपाशी आलेला म्हातारा तो नव्हता," त्या म्हणाल्या. "भाऊ म्हणाला, तो नंदुरबारचा एक वेल्डर. बायको-मुलगा गेल्यावर थोडा भ्रमिष्ट झाला होता. तो तिथंच राहिला. त्याचं पुढं काय झालं, कुणाला माहीत नाही."

म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्याच्यासाठी हळहळलो, तो आणखी कुणीतरी होता, आणि त्याला शोधणारी बहीण कुठं नव्हती. मला त्या नंदुरबारच्या माणसाचं नावही कधी कळलं नाही.

"आणि दुसरं?" मी विचारलं. "ते विचारलंत?"

"विचारलं. मी म्हटलं, भाईजान, ती गल्ली जळाली तेव्हा तू कुठं होतास? तो म्हणाला, घरात. दार लावून बसलो होतो, मुलांच्या तोंडावर हात ठेवून." आपांनी चष्मा काढून पुसला. "मग मी विचारलं, कुणी दार वाजवलं होतं का?"

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. उठला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता."

बाहेर संध्याकाळचा गार वारा सुटला होता. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? तो येईपर्यंत थांबले," आपा म्हणाल्या. "मग त्याला जेवायला वाढलं."